पाठ फिरवलेला खांब

दक्षिण इराकमध्ये, दलदलीच्या काठाला, अबू गसब नावाचे एक लहानसे गाव आहे. गावात पाहुण्यांसाठी बांधलेले एकच मोठे घर. त्याला तिथे मुधीफ म्हणतात. वीट नाही, खिळा नाही, सगळे घर बोरूचे. पाण्यात माणसापेक्षा उंच वाढणारा बोरू कापून वाळवतात, त्याच्या जाड जुड्या बांधतात आणि त्या वाकवून कमानी करतात. दाराच्या दोन्ही अंगांना एकेक खांब असतो. तोही बोरूचाच, आणि त्याचा शेंडा वाकवून वेटोळे केलेले असते. उजव्या खांबाचे वेटोळे दाराकडे बघते. डाव्याचे मात्र दाराकडे पाठ करून पाण्याकडे.

नवख्या माणसाला वाटते, बांधणाऱ्याचा हात चुकला. कुणी तसे बोलूनही दाखवतो. तेव्हा गावातले वडीलधारे हाजी मुतशर म्हणतात, "चुकलेलं नाही ते. आधी जेवून घ्या, मग सांगतो." ताट आले की ते पाहुण्यासमोर एक जाड पडदा ओढतात आणि स्वतः त्या खांबासारखेच पाण्याकडे तोंड करून बसतात. ताट परत गेल्यावर कॉफीची किटली निखाऱ्यावर चढते आणि गोष्ट सुरू होते.

गावामागे मातीचे टेकाड दिसते ना, तिथे फार पूर्वी उरगी नावाचे नगर होते म्हणे. नगराची देवी इनन्ना. ती प्रेमाची देवी आणि लढाईचीही, त्यामुळे तिला नमस्कार करताना माणसे थोडी जपूनच वाकत. तिची खूण आठ टोकांची चांदणी, तिचे जनावर सिंह. पण सर्वांत जुनी खूण म्हणजे हा बोरूचा खांब. देवळाच्या दाराशी तो उभा असे. त्याच्यावर हात ठेवून खोटी शपथ घेणारा पुढचा पूर बघायला जगत नाही, अशी साऱ्या नगराची खात्री होती.

देवळाचा कारभार शेशकल्ला नावाच्या पुजाऱ्याकडे होता. त्याच्या नावाचा अर्थ 'लाडका भाऊ'. पण त्याने सख्ख्या भावालाही कधी देवळाच्या कोठारात एकटे सोडले नाही. माणूस वाईट नव्हता. संशयी होता. कुणी हसला तर का हसला आणि कुणी गप्प बसला तर काय लपवतोय, हे त्याच्या मनातून जात नसे. तेलाचा बुधला तो वास घेऊन बंद करी आणि वास घेऊनच उघडी. गाभाऱ्याचे दार दोरीने बांधून, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापून, गळ्यातला लाटण्यासारखा गोल, कोरीव दगडी शिक्का तो स्वतःच्या हाताने त्या गोळ्यावर फिरवी. माती वाळली की ती फोडल्याशिवाय दार उघडायची सोय नव्हती.

देवीला रोज सकाळी नैवेद्य असे. जवाच्या भाकरी, भाजलेला मासा, खजूर, लोणी, मडक्यातली जवाची दारू. ताट तिच्यापुढे मांडायचे, चांदण्या विणलेला पडदा ओढायचा, शिक्का मारून बाहेर यायचे. देवी जेवत असताना कुणी बघायचे नाही, अशी रीत होती. दुपारी शिक्का फोडून ताट बाहेर काढायचे. ते जसेच्या तसे भरलेले असे. देवी अन्नातला जीव तेवढा खाते, असे शेशकल्ला लोकांना सांगे. उरलेले ताट नगराधिपतीच्या वाड्यावर जाई, कारण देवीचे उष्टे खाण्याचा मान त्याचा.

आणि एके दिवशी, म्हणे, ताट रिकामे आले.

खजुराच्या बिया एका बाजूला नीट रचलेल्या होत्या. माशाचा नुसता काटा उरला होता. शिक्क्याची माती अखंड होती, ती शेशकल्लाने स्वतःच फोडली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी बाजारात पोचली. बाया देवळाच्या पायरीवर डोके टेकू लागल्या. देवी खरेच जेवते, म्हाताऱ्यांनी असे ऐकले होते, आता डोळ्यांनी बघितले, असे जो तो सांगू लागला.

सगळ्या नगरात विश्वास बसला नाही तो एका पुजाऱ्याचा.

त्याने बी उचलून उजेडात धरली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. देवीला दात असतात का, हा प्रश्न त्याने आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. आता तो त्याला झोपू देईना. त्याने भिंती ठोकून पाहिल्या. उंबऱ्यावर पीठ पसरून पावले शोधली, एकही उमटले नाही. मग त्याची नजर स्वयंपाकीण गेमेलामाकडे वळली. ही विधवा बाई देवीचा स्वयंपाक करता करता म्हातारी झाली होती. ताट तिच्या हातून येई आणि तिच्याच हाती परत जाई. तीच वाटेत काहीतरी करते, रिकामे ताटच आत पाठवते, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. भरलेले ताट त्याने स्वतः देवीपुढे मांडलेले असे, ही गोष्टही त्याला अडवू शकली नाही.

तो तिला विचारायला गेला तेव्हा ती मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"जन्मभर लोकांना सांगत आलात, देवी जेवते म्हणून. आता ती जेवली, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

शेशकल्ला म्हणाला, त्याला सगळे कळते. ती म्हणाली, "कळतं तर मग मीच खाल्लं म्हणा ना. तुम्ही खाल्लं असं तर कुणी म्हणणार नाही. माशाचा तुकडा पोटात गेला तर तुमच्या अंगावर गांधी उठतात, हे मला ठाऊक आहे."

त्याला राग आला. त्याच रागात तो वाड्यावर गेला आणि नगराधिपतीच्या कारभाऱ्याला, उरमेसला, तिचे नाव सांगून बसला. वाड्यावरही कुरबुर सुरू झालीच होती, कारण मानाचे ताट येईनासे झाले होते. उरमेसने निकाल दिला: उद्या भर दुपारी, सगळे पाहणारा सूर्यदेव उतू डोक्यावर असताना, बाईने खांबावर हात ठेवून शपथ घ्यायची. शपथ घ्यायला कचरली, तर तोच हात तोडायचा.

वाड्यावरून परतताना मात्र शेशकल्लाच्या मनात एक नवाच संशय शिरला. या वेळी तो स्वतःवरचा होता. तिने बेधडक शपथ घेतली तर? मग आपण काय केले? खरे काय ते उद्याच्या दुपारच्या आत कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताट मांडले, पडदा ओढला, पण तो बाहेर आला नाही. गळ्यातला शिक्का हाताखालच्या माणसाला देऊन बाहेरून दार बांधून तो मारायला सांगितले आणि आपण पडद्याआड कोपऱ्यात बसला. देवी जेवताना बघणारा आंधळा होतो, असे तोच लोकांना सांगत असे. त्याने एक डोळा मिटून घेतला. जायचाच तर एक जाईल.

बराच वेळ काही हलले नाही. मग देवीच्या सिंहासनामागे, जिथे तिची जुनी वस्त्रे रचून ठेवलेली असत, तिथला ढीग हलला. एक हात बाहेर आला. मनगटावर दोरीचे वळ, दंडावर वाड्याच्या मागावर विणणाऱ्या दासींना देतात तो डाग. बाई पुढे सरकली. नुकत्याच झालेल्या नववर्षाच्या उत्सवात देवी नावेतून मिरवायला गेली होती आणि गाभारा उघडा होता, तेव्हाच ती आत शिरली असणार. शिक्का बाहेरून येणाऱ्याला अडवतो. शेशकल्लाने सगळी पहारेदारी बाहेरच्यांवर ठेवली होती. आधीच आत असलेल्याचा विचार त्याच्या संशयी मनातही आला नव्हता.

तो ओरडणार होता. तेवढ्यात तिने भाकरी मोडली, अर्धी देवीच्या ओठांपाशी नेली आणि तशीच धरून थांबली. उपाशी माणसाचा हात तो. तरी ती थांबली. मग ती अर्धी तिने देवीच्या पायाशी, वस्त्राच्या घोळाखाली ठेवली आणि उरलेली खाल्ली.

इतक्या वर्षांत शेशकल्लाने देवीपुढे ताटे मांडली होती, पण तिला घास कधी भरवला नव्हता. ती जेवते, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. असे सांगतात की त्याने तेव्हा मिटलेला डोळाही उघडला.

बाईने त्याला पाहिले. पळायला जागा नव्हती. ती एवढेच म्हणाली, "तिला विचारूनच घेते, मालक."

त्याने तिला नाव विचारले नाही, का पळालीस तेही विचारले नाही. उठून पडदा नीट ओढला आणि तिच्याकडे पाठ करून दारापाशी बसून राहिला.

दुपारी शिक्का फोडला गेला तेव्हा देवळापुढे सगळे नगर जमले होते. गेमेलामा खांबापाशी उभी होती, हात पदराला पुसत. ती हात पुढे करणार, तोच शेशकल्ला दारातून बाहेर आला आणि मध्ये उभा राहिला.

"तिला सोडा," तो म्हणाला. "अन्न मी खाल्लं."

उरमेस हसला नाही. तोही संशयी माणूस होता. स्वयंपाकिणीला वाचवायला पुजारी खोटे बोलतोय, असे त्याला वाटले. म्हणाला, खांबावर हात ठेवून बोल.

शेशकल्लाने गेमेलामाकडे पाहिले. ती त्याच्या कोरड्या, डाग नसलेल्या गळ्याकडे बघत होती. त्याने मासा खाल्लेला नाही, हे तिला जितके पक्के ठाऊक होते तितके दुसऱ्या कुणालाच नव्हते. एक शब्द बोलली असती तर संपले असते. तिने ओठ घट्ट मिटले. शेशकल्लाने उजवा हात खांबावर ठेवला आणि देवीच्या नावाने सांगितले, "मीच खाल्लं. दुसरं कुणी नाही."

तेव्हा, म्हणे, खांब करकरला. पाण्यातला बोरू निश्चल होता, वाऱ्याचा मागमूस नव्हता. खांबाचे वेटोळे सुरुवातीपासून दाराकडे बघत आलेले. ते सावकाश वळले आणि दाराकडे पाठ करून पाण्याकडे झाले. माणसे जमिनीवर पालथी पडली. जो तो डोळे झाकून घेत होता. त्या वेळी गाभाऱ्याचे दार उघडे होते आणि दाराकडे बघणारे कुणीच नव्हते.

खोटे ऐकून देवीने तोंड फिरवले, असे उरमेस म्हणाला. गेमेलामा म्हणाली, "तोंड फिरवलं ते कुणालातरी जाऊ द्यायला." उतूने वरून काय पाहिले ते त्याने आजवर कुणाला सांगितलेले नाही.

खांबाला लागलेला तो हात तोडायची छाती उरमेसला झाली नाही. त्याने पुजाऱ्याचा शिक्का दगडाने फोडला आणि त्याला एका होडीत बसवून दलदलीत हाकलून दिले. शेशकल्लाने तिथे बोरूचे खोपट बांधले, दाराशी दोन खांब उभे केले. एक सरळ, एक पाठमोरा. मग तो पुराची वाट बघत बसला, कारण खोटी शपथ घेतली होती. रोज सकाळी उठला की तो आपल्या श्वासाकडेही संशयाने बघे.

पूर आला. पाणी उंबऱ्याला लागले आणि ओसरले. तो जिवंतच.

पाणी ओसरले त्या सुमारास दाराशी एक होडी लागली. कुणीतरी उतरले, डोक्यावरून पदर घेतलेले. शेशकल्लाने चेहऱ्याकडे पाहिले नाही. ताट मांडले, पडदा ओढला, पाण्याकडे तोंड करून बसला. ताट परत आले तेव्हा त्यात अर्धी भाकरी तशीच ठेवलेली होती. असे सांगतात, त्याने ती हातात घेतली आणि बराच वेळ खाल्ली नाही. मग खाल्ली. नाव मात्र त्याने तेव्हाही विचारले नाही.

इथे हाजी मुतशर थांबतात. उरगी गेले, इनन्ना गेली, टेकाडावर आता बकऱ्या चरतात. पण आजही अबू गसबमध्ये पाहुणा जेवताना त्याच्या ताटाकडे कुणी बघत नाही आणि जेवण होईपर्यंत त्याला नाव विचारत नाही. एखादा पाहुणा ही रीत ठाऊक नसताना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतो, तेव्हा ती फेकत नाहीत. घरातला सर्वांत संशयी माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत असते. ती त्याला देतात, आणि तो ती खाईपर्यंत बाकीचे पाण्याकडे बघत बसतात.