इनास मेस्त्रीची म्हातारी

फार वर्षांपूर्वी म्हणावं, तर ज्यांनी इनासला पाहिलं ती माणसं अजून पारावर बसून तपकीर ओढतात. आणि अलीकडे म्हणावं, तर त्यांच्यातल्या कुणाचंही सांगणं दुसऱ्याशी जुळत नाही. भेरलेतळात माणसाची गोष्ट व्हायला एवढं पुरतं.

तेव्हा घाटाखालच्या या गावात झाडं कुऱ्हाडीनं नाहीतर दोघांनी ओढायच्या करवतीनं पडत. मग एका लाकडाच्या ठेकेदारानं बोटीतून साखळीनं कापणारी मशीनं आणली. ती बिघडायला लागली तेव्हा दुरुस्त करायला पुढे झाला तो इनास मेस्त्री. त्याआधी तो चर्चची घंटा आणि लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. पण पहिलं मशीन त्यानं मांडीवर घेतलं आणि ते आपोआप घुरघुरलं, असं म्हणतात.

त्याच्याकडे दोन मशीनं राहिली. एक म्हातारी, एक तरणी. ही नावं त्याची बायको मोनीन हिनं ठेवली. आपल्या संसारात बायका किती झाल्या ते कळायला हवं ना, असं ती शेजारणींना सांगायची.

म्हातारी वासराएवढी जड. तिच्या पोटात गिअर होते. इंजिन कितीही धावो, साखळी आपली बैलाच्या चालीनं फिरायची. पण एकदा लाकडात शिरली की ऐनाचा बुंधा असो नाहीतर किंजळीचा, ती अडायची नाही आणि हिसकाही द्यायची नाही. एकच खोड होती. तिच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी होती, आणि वाटीत तरंगता गोळा. मशीन कलंडलं की वाटी कलंडायची आणि म्हातारी गप्प. म्हणून आडवं कापायचं तर इंजिन भरल्या घागरीसारखं सरळ धरायचं, आणि बोल्ट सैल करून नुसतं पातं आडवं फिरवायचं. साखळीला तेलही स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबून पाजायचं.

तरणी अगदी वेगळी. गिअर नाहीत, साखळी थेट इंजिनाच्या दांड्यावर. कार्बोरेटरमध्ये वाटीऐवजी पातळ पडदा, त्यामुळे उलटी धरा, तिरपी धरा, ती ओरडतच राहायची. तेल स्वतःचं स्वतः प्यायची. हलकी आणि चपळ. पण जरा जोर लावला की दचकायची, आणि हातातून उडी मारू बघायची.

इनासचा जीव म्हातारीवर. बांबूची काडी दातात धरून तिचं दुसरं टोक तो इंजिनाला टेकवायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. एकदा काडी टेकवून त्यानं ठेकेदाराच्या पोटातला मुतखडाही सांगितला, असं म्हणतात.

पण म्हातारीच्या मुठींना रबर नव्हतं. तिची सगळी थरथर इनासच्या हातांत उतरायची. हळूहळू त्याची बोटं पांढरी पडली, मग बधिर झाली. चर्चमध्ये जपमाळेचे मणी बोटांतून निसटायला लागले. शर्टाची बटणं मोनीन लावायला लागली. एका संध्याकाळी तिनं आपला हात त्याच्या हातात दिला, आणि तो बोलतच राहिला. आपल्या हातात काही आहे, हे त्याला कळलंच नाही. त्या दिवशी तिनं त्याच्याकडून शब्द घेतला की म्हातारीला पुन्हा हात लावायचा नाही. तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून म्हातारी पोटमाळ्यावर गेली. वर्षातून एकदा तिला पुसून तेलपाणी करायचं, ते मोनीनच करायची.

आणि मग भाद्रपदातलं ते वादळ आलं.

दुपारची वेळ. इनास चर्चच्या छपराची कौलं बघायला गेला होता. घरामागची किंजळ मुळासकट उलथली आणि स्वयंपाकघरावर आडवी पडली. तिची एक जाड फांदी कौलं फोडून उभीच्या उभी खाली आली. फांदीखाली छपराचा वासा, आणि वाशाखाली मोनीनचे पाय.

गाव धावलं. बाप्यांनी खोडाला टेकू दिले. ठेकेदाराचा माणूस सावळो इनासच्या पडवीतली तरणी घेऊन आला. माणूस कामाचा होता, वाईट मुळीच नव्हता. त्यानं फांदीला पातं लावलं, तरणी किंचाळली, दचकली, आणि अख्खी किंजळ आणखी बोटभर खाली बसली. आतून मोनीनची किंकाळी आली. सावळोनं मशीन बंद केलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

चर्चकडून धावत आलेला इनास कौलांच्या ढिगातून आत वाकला. मोनीनचं तोंड कौलांच्या धुळीनं कुंकवासारखं लाल झालं होतं.

"तरणी नको," ती म्हणाली. "ती खूप बडबडता. म्हातारेक काढ."

"तुका शबूद दिलंय मां."

"शबूद माझो. मियाच परत घेतंय. जा."

म्हातारी खाली आली. इनासनं बोल्ट सैल करून पातं आडवं केलं, इंजिन सरळ ठेवलं आणि ते सुरू करायची दोरी ओढली. आवाज जुनाच, खोल, पोटातला. साखळी फांदीत शिरली, सावकाश, भाकरीचा तुकडा मोडावा तशी.

पण हात बधिर. झाड बसतंय का, दाब वाढतोय का, हे त्या हातांना कळणार कसं? ते फक्त वाशाखालच्या बाईला कळत होतं. म्हणून थोडं कापलं की इनास इंजिन बंद करायचा आणि ती आहे ना, एवढंच विचारायचा, "आसस मां गे?"

खालून यायचं, "आसंय."

मग पुन्हा दोरी, पुन्हा थोडं कापणं.

सावळोला राहवेना. "मेस्त्री, गरम मशीन बंद करू नको. म्हातारी रुसली तर परत सुरू होवची नाय."

"मगे तिचा ऐकू कसा?" इनास म्हणाला, आणि पुन्हा इंजिन बंद केलं.

एकदा खालून "दाबता रे" आलं. तेव्हा त्यानं टेकू ठोकून घेतले, पातं दुसऱ्या बाजूनं लावलं आणि मगच पुढे गेला. इंजिन चालू ठेवलं असतं, तर ते दोन शब्द कुणाला ऐकू आले असते?

फांदी शेवटच्या सालीवर आली, तेव्हा म्हातारी खरंच रुसली. इनासनं दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. त्यानं विचारलं, "आसस मां गे?" या वेळी उत्तर यायला उशीर झाला. मग अगदी बारीक आवाज आला, पण तो इनासला नव्हता.

"म्हातारे," मोनीन म्हणाली, "इतकी वर्सां तुका पुसलंय. आता ऊठ."

आणि म्हातारी उठली. दोरीला कुणाचा हातच नव्हता, असं म्हणतात. सावळो मरेपर्यंत सांगत राहिला की दोरी इनासनं ओढली होती, मी बाजूलाच उभा होतो. पण भेरलेतळात सावळोचं कोण ऐकतं? फांदी सुटली, बाप्यांनी वासा उचलला, मोनीनला ओढून बाहेर काढलं. नंतर कुणीतरी म्हातारीची टाकी उघडली. तळ कोरडा होता, आणि वर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. असंही म्हणतात.

मोनीन जगली, लंगडत जगली. इनासचे हात मात्र परत आले नाहीत. पडवीत बसल्यावर ती त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायची आणि काहीबाही बोलत राहायची. भाजीचं, शेजारणींचं, देवाचं. आवाजाची थरथर तेवढी त्याच्या हातांना कळायची. लोक विचारत, मेस्त्री, हे काय? तो म्हणायचा, इंजिन बघतंय, बरा चालता.

दोघंही गेली त्याला आता खूप वर्षं झाली. म्हातारी चर्चच्या पडवीत आहे, सरळ ठेवलेली. तिला कुणी कलंडू देत नाही.

आणि भेरलेतळात आजही पडलेलं झाड कापताना, मशीन कितीही नवं असो, अर्ध्यावर ते बंद करतात. कापणारा मान वाकवून विचारतो, "आसस मां गे?" मागे एकदा एका परगावच्या कापणाऱ्याला हसू आलं. झाड रस्त्यावर पडलंय, खाली कुत्रंसुद्धा नाही, उत्तर देणार कोण, असं तो म्हणाला. कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. सगळे नुसते थांबले.

मग कुंपणापलीकडे मासळी धूत बसलेल्या एका बाईनं वर न बघताच म्हटलं, "आसंय."

तेव्हा कुठे दोरी ओढली गेली.