अर्ध्या पंखांची माशी

"पण हिचे पंख पुरे करायचे नाहीत, असं का?"

ऋजुताने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सुभेदार तात्याबा शेडगे सशाच्या कानाची लव चिमटीत धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कारण ती अजून माशी झालेली न्हाई."

तात्या मूळचे माण तालुक्यातले. पलटणीबरोबर हिमालयातल्या या खोऱ्यात आले आणि पेन्शन घेऊन इथेच नदीकाठी राहिले. ट्राउट माशासाठी गळावर पिसा-दोऱ्याची खोटी माशी बांधावी तर तात्यांनीच, असं सगळं खोरं म्हणे. ऋजुता पुण्याची. नवरा वरच्या बोगद्याच्या कामावर इंजिनिअर. जीवशास्त्रात ती एम.एस्सी.ला पहिली आली होती. कोंबड्याच्या पिसापुढे मात्र रोज नापास होत होती.

शिकायचं होतं ते एवढंच. उन्हाळ्यात नदीच्या तळातली अळी वर येते, पाण्याच्या पापुद्र्याला लटकून कात सोडते, मग पंख उघडून उडून जाते. त्या अधल्यामधल्या घडीला ट्राउट तिला गिळतो. तीच घडी गळावर बांधायची. अंग पाण्याखाली, आणि पंखांचे नुसते कोंब.

सकाळी तात्यांनी बजावलं होतं, "आज एक तरी अर्धी बांध. न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस. पिसं फुकट चाललीत माझी."

म्हणाले हसून, पण म्हणाले. आणि दिवसातला हा एवढाच वेळ असा होता, की ऋजुताला घरातल्या त्या बंद खोलीवरून जावं लागत नसे.

दुपार कलेपर्यंत तिने सहा बांधल्या. सहाही देखण्या. सहांचेही पंख पुरे.

तात्यांनी त्यातली एक दोरीला लावून प्रवाहात सोडली. ती ऐटीत तरंगत गेली. खालून एक सावली वर आली, हुंगल्यागत थांबली... आणि वळून गेली.

"बघितलंस? ही तर उडायलाच निघालीया. हिच्यामागं कोण लागंल?"

"पुस्तकात चित्र असंच आहे, तात्या."

"पुस्तक लिवणारा काठावर हुता, बाई. मासा खाली हाय."

तिने सातवा गळ चिमट्यासारख्या शिकंज्यात धरला. लव गुंडाळली. पंखापाशी आली, कात्री उचलली... आणि बोटांनी आपसूक दोऱ्याचे आणखी दोन वेढे घेऊन पंख पुरा करून टाकला.

"बोटं तर झ्याक हायत तुझी," तात्या म्हणाले. "मग अडतंय कुठं?"

ऋजुताने कात्री खाली ठेवली.

"जिला धड वर येता आलं नाही, आणि परत खालीही जाता येत नाही... तिलाच आपण आमिष करायचं?"

"व्हय."

"पाप नाही हे?"

"हाय की."

ते वाद घालतील, समजूत काढतील, असं तिला वाटलं होतं. समजूत काढणाऱ्यांना काय बोलायचं, ते तिला आता पाठ होतं. 'हाय की' ऐकल्यावर मात्र ती पाठ नसलेलं बोलली.

"माझी मुलगी एकोणीस दिवस होती," ती म्हणाली. "काचेच्या पेटीत. सातव्यातच आली. फुप्फुसं पुरी झाली नव्हती... डॉक्टर रोज म्हणायचे, आता थोडंच राहिलंय."

तात्यांनी आता मान वर केली.

"नाव?"

"ठेवलं नाही. म्हटलं, पेटीतून बाहेर आली की ठेवू. खोली तेवढी लावून ठेवली होती."

 

मग तात्या उठले. पक्कड घेतली. सातही माश्या तळहातावर घेऊन त्यांनी एकेकीच्या गळाचं टोक कटकन तोडलं. हात तिच्यापुढे केला.

"सोड."

ती पाण्यात गुडघाभर उतरली. वितळलेल्या बर्फाचं पाणी. पाय क्षणात बधिर झाले. तिने एक सोडली. मग दुसरी. सातही जणी उभ्या पंखांनी दगडांवरून उतरल्या, वळणापाशी उन्हात जरा चमकल्या आणि दिसेनाशा झाल्या. एकीलाही मासा शिवला नाही.

ती परत येऊन बसली तेव्हा शिकंज्यात कोरा गळ होता. 

लव. दोरा. पिसाचं टोक. पंखापाशी आली... थांबली. कात्री मिटली. पंखाचा एवढासा कोंब राहिला.

शेवटची गाठ काही केल्या बसेना.

"हात थरथरतोय, तात्या. नाही जमत."

तात्यांनी तिचा हात धरला नाही. ते पाण्याकडे बघत होते.

"थरथरू दे. पाण्यातली तरी कुठं स्थिर असती?... उद्या जरा लवकर ये."