चोरीला गेलेली अष्टमी

एकदा एका पंचांगाच्या कचेरीत चोरी झाली. निदान तिथल्या थोरल्या शिष्याचे तसे ठाम मत होते.

ही कचेरी एका वृद्ध पंचांगकर्त्या आचार्यांची. त्यांच्या पंचांगावर आसपासच्या गावांतले मुहूर्त ठरत, उपासतापास होत. पूर्वी सगळे गणित ते पाटीवर करीत. अलीकडे ते संगणकावर होई. आचार्य मात्र त्या यंत्राला हात लावत नसत. "ग्रहांशी माझी ओळख आहे, याच्याशी तू ओळख ठेव," असे म्हणून त्यांनी तो कारभार श्रीरंगकडे सोपवला होता. श्रीरंग त्यांच्या हाताखाली पुष्कळ वर्षे शिकलेला. हुशार होता, नेमका होता, आणि आपल्या नेमकेपणाचा त्याला अंमळ अभिमानही होता.

दुसरी शिष्या कालिंदी. ती आधी एका प्रतिस्पर्धी पंचांगाच्या कचेरीत कामाला होती. तिथे तिला नुसती मुद्रिते, म्हणजे छपाईची प्रुफे, तपासायला बसवत. गणित शिकायचे म्हणून ती इकडे आली. आचार्यांनी तिला ठेवून घेतले, पण श्रीरंगच्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती. तिकडचे माणूस इकडे कशाला येईल?

त्या सकाळी श्रीरंगने संगणक लावला, तर पडदा ओळखीचाच वाटेना. नेहमीचे चित्र जाऊन तिथे कुठलेसे निळे सरोवर आले होते. गणिताचा प्रोग्रॅम, पाने जुळवायचा प्रोग्रॅम आणि जुन्या वळणाची अक्षरे टाइप करायचा प्रोग्रॅम, तिन्हींचीही चिन्हे गायब. पंचांगाची पाने त्याच आठवड्यात छापखान्यात जायची होती. श्रीरंगला दरदरून घाम फुटला.

आणि त्याच्या मनात पहिला प्रश्न आला, "हे कुणी केलं?" वाचकहो, 'हे काय झाले' असा प्रश्न त्याला पडलाच नाही. आपल्यालाही सहसा पडत नाही.

एकदा 'कुणी' म्हटले की नाव शोधायला फार लांब जावे लागत नाही. काल सायंकाळी कालिंदी कामावरून उशिरा निघाली होती, हे त्याला आठवले. निघताना तिने संगणकातून पेन ड्राइव्ह काढून पिशवीत टाकला, तेही आठवले. मध्येच तिला कुणाचा तरी फोन आला आणि ती अंगणात जाऊन हळू आवाजात बोलली. कालपर्यंत या गोष्टींना काही अर्थ नव्हता. आज प्रत्येकीला अर्थ फुटला.

थोड्या वेळाने कालिंदी आली. श्रीरंगने तिला घडलेले सांगितले. ती म्हणाली, "अरे देवा! मी बघू का?"

ती दचकली कशी नाही, असे श्रीरंगच्या मनात आले. आणि बघायची एवढी घाई कशाला? ती दचकली असती, तर तोही तिच्या अपराधाचा पुरावा ठरला असता, हे सांगायला नकोच.

"नको. तुम्ही आज ओसरीवरच बसा," तो म्हणाला. "मुद्रितं तिकडे पाठवतो. यंत्राजवळ येऊ नका."

कालिंदीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि ती ओसरीवर जाऊन बसली. आपल्यावर संशय आहे, हे कुणाला उलगडून सांगावे लागत नाही.

तेवढ्यात छापखान्याचे मालक पानांची चौकशी करायला आले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि ओसरीकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "श्रीरंगपंत, मी आपलं सांगतो हो, कुठेतरी पाणी मुरतंय. परक्या कचेरीतलं माणूस घरात घेतलंत." एवढे बोलून आणि चहा घेऊन ते निघून गेले. कान भरायला फार वेळ लागत नाही.

आता श्रीरंगला काही शंकाच उरली नाही. यंत्र त्याने तसेच ठेवले. उगाच हात लावला तर पुरावा पुसला जाईल! दुपारपर्यंत त्याने पोलीस ठाण्याच्या नावाने एक अर्ज लिहून काढला. संशयित म्हणून कालिंदीचे पूर्ण नाव, गाव, पूर्वीची नोकरी. अर्ज घेऊन तो आचार्यांच्या खोलीत गेला. गाव लहान. त्या कागदावर आचार्यांची सही झाली असती, तर पुढे ती निर्दोष ठरली असती तरी कालिंदीला कुणी आपल्या दारात उभे केले नसते. तिच्या घरी आजारी आई होती, हेही श्रीरंगला ठाऊक होते. तेवढ्याने त्याचा हात थांबला नाही.

आचार्यांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "पण एक चोरी लिहायची राहिली. तीही यातच घाल, म्हणजे पुन्हा ठाण्याचा खेटा नको."

"कसली चोरी, गुरुजी?"

"आपली पौष वद्य अष्टमी नाहीशी झालीये. मी पानं पाहत होतो. सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी एकदम नवमी! लिही, एक अष्टमी, चांगल्या स्थितीतली, कचेरीतून गेली. संशयित कालिंदी. त्या पानाची मुद्रितं तिच्याकडेच होती, नाही का?"

श्रीरंग त्यांच्याकडे बघतच राहिला. गुरुजींचे वय झाले, असे त्याला वाटले. तो हलकेच म्हणाला, "गुरुजी, ती चोरीला नाही गेली. ती क्षयतिथी आहे. माझंच गणित आहे ते."

"क्षयतिथी म्हणजे रे काय?"

ज्यांनी हे त्याला शिकवले, तेच त्याला विचारत होते. तरी श्रीरंगने धीराने सांगितले, "ज्या दिवशी सूर्योदयाला जी तिथी, तिचं नाव त्या दिवसाला. ही अष्टमी एका सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्याच्या आत संपते. एकाही सूर्योदयाला ती नसते, म्हणून तिच्या नावाचा दिवस येत नाही. पण ती असते, गुरुजी. पूर्ण असते."

"दिसत नाही, तरी असते?"

"हो."

"कशावरून म्हणतोस?"

"गणित केलं म्हणून."

आचार्यांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "आणि याचं गणित कुठे आहे?"

श्रीरंग अर्जावरून पुन्हा एकदा नजर फिरवू लागला.

"हे बघ," आचार्य म्हणाले, "मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. न जाणो, तिनेच केलंही असेल. पण गणित न मांडता जो फळ सांगतो, त्याला आपण काय म्हणतो? भोंदू म्हणतो. इतकी वर्षं तू सप्तमीपुढे नवमी लिहितोस, तेव्हा अष्टमी कुणी नेली म्हणून आरडाओरडा करत नाहीस. शांतपणे मागचा सूर्योदय बघतोस, पुढचा बघतोस, मधे काय घडलं ते मांडतोस. मग आज तीन चिन्हं दिसेनाशी झाली, तर आकडेमोड सोडून माणूस कसा धरलास? मांड पाहू. काल सूर्यास्तापासून सांग."

श्रीरंग सांगू लागला. "काल कालिंदी गेल्यावर मी पौषाची पानं पुन्हा उघडून पाहिली. सगळं जागेवर होतं. मग यंत्र बंद करायला गेलो तर त्यावर सूचना आली, नवी प्रणाली आली आहे, अपडेट करू का म्हणून. मला निघायची घाई होती. मी 'होय' म्हटलं आणि..."

तो थांबला. कालिंदी गेल्यावर सगळे जागेवर होते, हे त्याने आत्ताच स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

"आणि पेन ड्राइव्ह?" आचार्यांनी विचारले. "त्यात काय होतं, हे तिला विचारलंस?"

"नाही, गुरुजी."

"मग जा. आणि तिला घेऊन ये."

कालिंदी आली. पेन ड्राइव्हचे विचारताच तिला अवघडल्यासारखे झाले. "भाच्याच्या मुंजीची निमंत्रणपत्रिका आहे. इथल्या यंत्रावर केली, परवानगी घ्यायला हवी होती. अंगणात बहिणीचाच फोन होता. मुहूर्त मी स्वतः काढलाय, गुरुजी, पहिल्यांदाच. चुकला असेल म्हणून तुम्हाला दाखवायचा धीर होईना."

आचार्यांनी तो मुहूर्त तिथल्या तिथे पाहिला. तो बरोबर होता.

मग श्रीरंग यंत्राशी बसला. शोधायच्या चौकटीत त्याने गणिताच्या प्रोग्रॅमचे नाव टाकले. नाव टाकताच प्रोग्रॅम हजर! अपडेटने पडदा नव्याने मांडला होता आणि जुनी चिन्हे काढून टाकली होती, इतकेच. पाने जुळवायचा प्रोग्रॅमही तसाच सापडला. काखेत कळसा होता आणि हा पोलीस ठाण्याच्या वाटेला लागला होता. टाइप करायचा प्रोग्रॅम मात्र उघडेना. नव्या प्रणालीवर ही जुनी आवृत्ती चालणार नाही, अशी पाटी आली. तो बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली होती. ती घालून घेतली आणि सायंकाळपर्यंत काम सुरू झाले. पाने वेळेवर गेली.

श्रीरंगने तो अर्ज फाडला आणि कालिंदीची माफी मागितली. मनापासून मागितली. ती "बरं" म्हणाली.

पण त्या सायंकाळी निघताना ती त्याच्या टेबलापाशी थांबली आणि पिशवीतली एकेक वस्तू तिने टेबलावर काढून ठेवली. डबा, छत्री, फणी, पेन ड्राइव्ह. "बघून घ्या, दादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. श्रीरंगला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केले, तिसऱ्या दिवशीही.

शेवटी तो आचार्यांकडे गेला. "गुरुजी, मी माफी मागितली. नका करू म्हणून हात जोडले. तरी ती रोज पिशवी उघडते. मी काय करू?"

आचार्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "प्रोग्रॅम शोधल्यावर सापडले, कारण ते गेलेच नव्हते. तिचा विश्वास मात्र खरोखर गेला, आणि तो तू घालवलास. तो शोधायला चौकट नाही, बाळा. रोज सायंकाळी तिथे बसून राहा. लाज वाटली तरी उठून जाऊ नकोस."

श्रीरंग बसून राहू लागला. पिशवी रोज उघडे, रोज मिटे. तो तिला गणितातले अवघड भाग शिकवू लागला, तिच्या शंका ऐकू लागला, कधी तिने त्याची चूक दाखवली तर ती मान्य करू लागला. सायंकाळी पिशवी उघडतच होती. पंचांग छापून आले, बाजारात गेले. थंडी पडू लागली.

एके दिवशी एका ग्रहणाच्या गणितात दोघेही गुंतले होते. कालिंदीचे घड्याळाकडे लक्ष गेले, तेव्हा शेवटच्या बसची वेळ होत आली होती. "अगबाई, बस!" म्हणत तिने पिशवी खांद्याला अडकवली. "दादा, उरलेलं उद्या," असे दारातूनच म्हणून ती धावत सुटली.

श्रीरंग रिकाम्या टेबलाकडे पाहत तसाच बसून राहिला. आतून आचार्यांनी विचारले, "काय रे, इतका गप्प का? काही हरवलं का?"

"नाही, गुरुजी," तो म्हणाला. "सापडलं."