तिळ्याचे हसू

पूर्वी तगर नगरात भद्रवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने राजाच्या पागेत एका कुत्रीच्या पोटी जन्म घेतला. तिचे पूर्वज पश्चिम समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांच्या गलबतातून आले होते. त्या जातीची कुत्री सडपातळ, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. घोड्यांवर त्यांचा मोठा जीव. रथ निघाला की ती चाकालगत धावू लागत आणि घोडे थकले तरी ती थकत नसत.

बोधिसत्त्व जन्मला तेव्हा दुधासारखा पांढरा होता. काही दिवसांनी त्याच्या अंगावर काळे ठिपके उमटू लागले. पागेतच राहणाऱ्या पिंगल सारथ्याची बायको रेवती हिला वाटले, पिल्लू चुलीत लोळून आले. तिने रिठ्याच्या पाण्याने त्याला घासून काढले.

"अहो, डाग निघतच नाहीत याचे!"

"डाग नव्हेत गं ते," पिंगल म्हणाला. "ही पिल्लं कोरीच जन्मतात. ठिपके मागून येतात. तू साल काढशील बिचाऱ्याची."

"मग आधी सांगायचं नाही का? पिठावर तीळ सांडावेत तसा दिसतोय," असे म्हणून रेवतीने त्याला पदरात पुसले. तेव्हापासून त्याचे नाव तिळ्या पडले.

ते नाव तिळ्याने कधीच ऐकले नाही. एकदा रेवतीच्या हातून पितळेची घागर निसटली. बाकीची पिल्ले केकाटत पळाली. तिळ्या घागरीशेजारीच झोपून राहिला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. पागेचा नियम त्यांना ठाऊक होता. बहिरे पिल्लू ठेवायचे नाही, नदीत सोडायचे.

पिंगलाने उठून दार लावले. "कुणाला बोलू नकोस," एवढेच तो म्हणाला.

मग त्यांनी त्याला हातांची भाषा शिकवली. पाय आपटला की जमिनीचा हादरा तिळ्याच्या पंजांना कळे आणि तो वळून पाही. तळहात छातीवर ठेवला की तो जवळ येई. पिंगल त्याला रोज दूरवर धावायला नेई, कारण न धावता ही जात झुरते. पाण्याचे भांडे रेवती कधी रिकामे राहू देत नसे. रोज खरारा करूनही त्याचे पांढरे केस घरभर होत. "भाकरीला पीठ कमी पडलं तर याला झटकायचं," असे ती म्हणे.

तिळ्याची धावण्याची जागा ठरलेली होती. राजरथाच्या कुंद नावाच्या घोड्याच्या पुढच्या पायाशी तो धावे. कुंद शिंगरू होता तेव्हापासून दोघे एकाच गवतावर निजत आले होते. आवडते माणूस दिसले की तिळ्या वरचा ओठ उचलून सगळे दात दाखवी आणि अंग वळवत पुढे येई. ते त्याचे हसणे होते.

एके दिवशी राजा पागेत आला. तिळ्या पाठमोरा बसला होता. राजाने त्याला हाक मारली; तो हलला नाही. राजाने पुन्हा मोठ्याने हाक मारली. पिंगल पेचात पडला. बहिरा आहे म्हणावे तर नदी ठरलेली. तेवढ्यात तिळ्याने मान वळवली, राजाला पाहिले आणि आनंदाने सगळे दात दाखवले.

"माझ्यावर दात विचकतो?" राजा गरजला.

"महाराज, हसतोय तो."

"कुत्रा हसतो? पिंगला, तुला काय मला हसवायला ठेवले आहे?" राजाने रक्षकाला आज्ञा केली, "याला वेशीबाहेर काढा. पुन्हा माझ्या रथाजवळ दिसला तर भाला घाला."

रक्षकाने तिळ्याला भाल्याच्या टोकाने ढोसत वेशीबाहेर हाकलले. भाल्याचा अर्थ तिळ्याला कळला.

वेशीबाहेर तळ्याच्या बांधाखाली व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. तांड्याच्या नायकाला हे देखणे जनावर आवडले. तिथे तिळ्याला दूधभात मिळे, निजायला मऊ गोणपाट मिळे. तरी तो रोज बांधावर जाऊन वेशीकडे तोंड करून बसे.

वसंतोत्सवाच्या दिवशी राजाची मिरवणूक बांधावरून निघाली. त्या वर्षी नव्या मोठ्या भेरी आणल्या होत्या. सर्व भेरी आणि शंख एकदम वाजले आणि राजरथाचे घोडे उधळले. पिंगल लगाम ओढत राहिला, पण कुंद दात आवळून धावत होता. पुढे बांध पुरात खचला होता आणि खाली दगडांची खोल खाई होती.

तिळ्याने रथ येताना पाहिला. मागून घोडा फेकत येणारा रक्षक आणि त्याच्या हातातला भालाही पाहिला. बोधिसत्त्वाच्या मनात आले, 'गेलो तर भाला आहे, थांबलो तर दूधभात आहे. पण कुंद भ्यायला आहे.' आणि तो धावला.

भेरींचा गजर त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून सगळ्या बांधावर तो एकटाच शांत होता. उधळलेल्या खुरांजवळ, आपल्या जुन्या जागी, तो जुन्याच डौलाने धावू लागला. कुंदाला डोळ्याच्या कोपऱ्यातून ती ठिपक्यांची पाठ दिसली. तिळ्याने पावले थोडी आवरली, कुंदाने आवरली. तिळ्या आणखी संथ झाला, कुंदही झाला आणि त्याच्याबरोबर बाकीचे घोडेही. खचलेल्या कडेच्या अलीकडे रथ थांबला.

राजा खाली उतरला. तिळ्याने त्याला पाहिले, ओठ उचलला आणि सगळे दात दाखवले.

रक्षकाने भाला उगारला. "महाराज, मागे सरा!"

"थांब," राजा म्हणाला. "हसतोय तो."

त्याने तिळ्याला हाक मारली. तिळ्या कुंदाकडे पाहत राहिला.

"महाराज," पिंगलाने हात जोडले, "तो जन्मापासून बहिरा आहे. मी लपवलं."

राजाने तिळ्याकडे पाहिले. मग त्याने विचारले, "तू त्याला कसा बोलावतोस?"

पिंगलाने दाखवले. मागून येऊन पोहोचलेल्या साऱ्या मिरवणुकीसमोर राजाने बांधावर पाय आपटला आणि तळहात छातीवर ठेवला. तिळ्या अंग वळवत आला आणि राजाच्या निळ्या शेल्यावर डोके घासू लागला. शेला पांढऱ्या केसांनी भरला. सेवक तो झटकायला पुढे झाला, राजाने त्याला हातानेच थांबवले. त्या दिवसापासून तगरच्या पागेत एकही बहिरे पिल्लू नदीत सोडले गेले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, कारण सुदंत नावाचा एक भिक्षू तक्रार घेऊन आला होता. नवा आलेला भिक्षू उपनंदक वंदनाला उत्तर देत नाही, तो गर्विष्ठ आहे, असे त्याचे म्हणणे होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "सुदंता, तेव्हाचा राजा तू होतास. कुंद म्हणजे तो उपनंदक. पिंगल आणि रेवती म्हणजे रोज आपल्याला भिक्षा घालणारे वेशीजवळचे कुंभार पतिपत्नी. आणि तिळ्या म्हणजे मीच."

उपनंदकाला ऐकू येत नसावे, हे उमगून सुदंत उठला. अंगणात उपनंदक पाठमोरा बसून पाने वेचीत होता. सुदंताने हळूच जमिनीवर पाय आपटला. उपनंदकाने वळून पाहिले, तेव्हा सुदंताने आपला तळहात छातीवर ठेवला.

ज्याने हाकलले त्याच्यासाठीही धावत जाणे, ही मैत्री. त्या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, साधली.