सहा अंगुळांचा फरक

पूर्वी एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या एका गावात खगोलविद्या शिकवत असत. त्यांच्या अंगणात वर टोक काढलेला दगडी खांब होता. रोज भर माध्यान्ही त्या टोकाची सावली दोरीने मोजून लिहून ठेवायची, हा तिथला शेवटचा अभ्यास. भाद्रपदापासून चैत्रापर्यंतचा तक्ता ज्याचा पूर्ण होई, त्याच्या खांद्यावर आचार्य सर्वांदेखत शाल घालीत. मग त्याने खुशाल आपली शाळा काढावी.

यंदा पाळी एका पाथरवटाच्या मुलाची होती. पोरगा मेहनती, एक दुपार चुकवली नाही. पण आचार्यांनी तरुणपणी केलेल्या तक्त्याशी त्याने आपला तक्ता ताडून पाहिला आणि त्याचे धाबे दणाणले. रोजची सावली सहा अंगुळे जास्त! आचार्य सावली खांबाच्या कडेपासून मोजत. हा खांबाच्या मध्यापासून धरत असे, कारण वडिलांनी हाताला तेच वळण लावले होते. ‘छिन्नीहातोड्याची सवय शास्त्रात कशी चालेल?’ असे म्हणून तो मनातल्या मनात शरमला. शिवाय भाद्रपदात अकरा दिवस सूर्य दिसलाच नव्हता. अखेर त्याने सुबक अक्षरात नवी प्रत काढली. प्रत्येक आकड्यातून सहा अंगुळे वजा केली आणि ढगाळ दिवसांच्या जागी गुरूंचेच आकडे बसवले.

वैशाख लागताच समारंभ ठरला. तीन दिवस चालून वडील आले आणि पागोटे सावरत पायरीवर टेकले. आतून पुरणाचा वास येत होता. आचार्यांनी प्रत चाळली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाळ, हा तक्ता माझ्याकडे आहे. मीच लिहिलाय. भाद्रपदातल्या या अकरा सावल्या तू पाहिल्यास?”

हो म्हटले की शाल. मुलाने पायरीकडे पाहिले. वडील अभिमानाने त्याच्याकडेच बघत होते.

“नाही, आचार्य,” तो म्हणाला. “ढग होते. बाकीचे आकडेही मी तुमच्याशी जुळवून घेतले. माझे खरे आकडे कच्च्या वहीत आहेत, पण ते सगळे चुकलेत.”

“आण पाहू.”

वही तेलकट, खाडाखोडीची. आचार्य पाने उलटत गेले. फरक सहाचा, सहाचा, पुन्हा सहाचा. मग ते तडक उठले आणि अनवाणीच तापलेल्या अंगणात गेले. खांबाच्या टोकाकडे त्यांनी पाहिले, पायथ्याशी वीत टेकवली, आणि एकाएकी इतके मोठ्याने हसू लागले की आत स्वयंपाक करणाऱ्या काकू हातातला झारा घेऊन बाहेर आल्या.

“काकू, पोळ्या दुप्पट करा!”

परत येऊन त्यांनी शाल उचलली आणि सरळ पायरीवर बसलेल्या पाथरवटाच्या खांद्यावर घातली. सभा चक्रावली. पाथरवट तर उठून उभाच राहिला.

“महाराज, माणूस चुकलं तुमचं. पोरगा तिकडं हाय.”

“मुळीच चुकलं नाही,” आचार्य म्हणाले. “मध्य धरून मोजण्याचं हे वळण पाथरवटाच्या हाताचं, तुम्हीच लावलेलं. खांबाचं टोक मध्यावर आहे, तेव्हा त्याची सावलीही मध्यापासूनच मोजायची. मी चाळीस वर्षं कडेपासून मोजली. अर्धा खांब, म्हणजे सहा अंगुळे, मी रोज विसरलो. माझ्या हाताखालून तेवीस विद्यार्थी गेले, तेवीस तक्ते माझ्याशी तंतोतंत जुळले, आणि मी खुळा आपल्या अचूकपणावर खूष! ती मुलं सावलीकडे बघतच नव्हती रे, माझ्या तोंडाकडे बघत होती. आज एका वहीने मला सुधारलं. मरण्याआधी हे सुख मिळेल असं वाटलं नव्हतं.”

मग ते मुलाकडे वळले. “खरं उत्तर तुझ्या हातात होतं आणि तू ते मला खूष करायला खोडलंस. उद्या तुझा तक्ता पाहून कोणी पेरणीचे दिवस धरले असते, म्हणजे? तुझी शाल पुढच्या वर्षी. या भाद्रपदात पुन्हा मोज. ढग असतील तर ढग लिही.”

मुलाला रडू यायला हवे होते, पण त्याला हसूच फुटले. छातीवरचा धोंडा कुणी उतरवून घेतल्यासारखे वाटत होते. जेवताना त्याने चार पोळ्या खाल्ल्या. शेजारी वडील, शालीला तूप लागू नये म्हणून अंग चोरून बसलेले.

म्हणून आजही प्रबंधाची देखणी प्रत बांधायला टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आपली कच्ची वही एकदा उघडून पाहावी.

भाद्रपद आला. पहिल्याच दुपारी मुलगा दोरी घेऊन खांबापाशी उभा राहिला, आभाळाकडे बघत बराच वेळ थांबला, आणि मग त्याने ठसठशीत अक्षरात लिहिले: ‘ढग. सावली दिसली नाही.’ मागून वाकून पाहणाऱ्या आचार्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.