तळ्यातली भिंत

एका पेठेच्या गावात एक इनामदार होता, तुळाजीराव त्याचं नाव. गावाला पाण्याचं तळं एकच. त्याच्या आज्याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा घरटी एक माणूस राबला आणि गावानं ते खणलं. जमीन तेवढी इनामदारांची. हा पठ्ठ्या तेवढंच धरून बसला! "लोक पाणी नासवतात," म्हणाला आणि तळ्याभोवती दगडी भिंत घातली. तिला गजांचं दार, दाराला कुलूप, किल्ली याच्या कमरेला.

बायाबापड्या लांबच्या ओढ्यावर पायपीट करू लागल्या. ठकू परटीण तेवढी वाड्यावर येऊन बोलली, "मालक, तळ्यानं आमची तोंडं पाहिलीत. ते विसरायचं नाही."

"पाण्याला कसली आलीय आठवण?" तुळाजीराव हसला.

त्या गावाची एक रीत होती. बाळ जन्मलं की त्याला घाटावर नेऊन तळ्याच्या पाण्याचा थेंब त्याच्या ओठाला लावायचा, आणि तोही परक्या घरच्या हातानं. आपल्या बाळाला आपण लावायचा नाही. खुद्द तुळाजीरावाला तो ठकूच्या सासूनं लावला होता.

पुढं त्याच्या सुनेला, सगुणेला, मुलगा झाला. नवसासायासाचा नातू! आता परका हात आणायचा तर दार उघडणं आलं, आणि एकदा उघडलं की गावाची ये-जा सुरू झालीच म्हणायची. "मीच लावतो," तो म्हणाला. "नका हो मामंजी!" सगुणा कळवळून बोलली. पण ऐकतो कोण?

भर दुपारी नातवाला घेऊन तो पायऱ्या उतरला. वारा पार पडला होता. बाळ रडत होतं. त्यानं पाण्यात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं, आणि रडण्याचा आवाज एकदम तुटला. बाळाचं तोंड उघडंच होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र नाही. आवाज येत होता तळ्यातून. पाण्याच्या खालून त्याचाच नातू रडत होता.

त्यानं वाकून पाहिलं. घाटावर चिटपाखरू नव्हतं, पण पाण्यातल्या पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. घागरी घेतलेल्या बाया, कडेवरची पोरं, डोक्यावर मातीची पाटी घेतलेले कुठल्या काळचे म्हातारे. सगळे त्याच्याकडेच बघत होते, आणि एकाचीही पापणी लवत नव्हती. त्याचं स्वतःचं तोंड तेवढं त्या पाण्यात कुठंच दिसेना.

तुळाजीराव ताडकन मागं सरला. बाळाला छातीशी धरून तो अनवाणीच पळत सुटला, तो थेट ठकूच्या दारात.

"ठकूबाई, चुकलो गं! ही किल्ली घे, पण माझ्या बाळाचा आवाज दे."

तिनं किल्लीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "किल्ली घेऊन काय करू, मालक? भिंत पाडा."

"पाडतो! आजच पाडतो!"

ती तळ्यावर आली. ओलं बोट बाळाच्या ओठाला लावलं. तळ्यातलं रडणं थांबलं आणि बाळानं असा टाहो फोडला, की सगुणा घरातून धावत आली.

तुळाजीराव शब्दाला जागला. पहिला दगड त्यानंच उपसला. दिवस मावळायच्या आत गावानं भिंत जमीनदोस्त केली. घागरी बुडू लागल्या, पोरांनी धपाधप उड्या मारल्या. मग तोही मोठ्या आशेनं पाण्यात वाकला.

काठावर दगड उरला नव्हता, पण पाण्यात भिंत जशीच्या तशी उभी होती. तिच्या दाराच्या गजांआड त्याचं तोंड होतं, एकटंच. इतर कुणालाच ती दिसली नाही. त्यानंतर जन्मभर तो रोज घाटावर येई, येणाऱ्याजाणाऱ्याची घागर आपल्या हातानं भरून देई, आणि खालच्या भिंतीचा एखादा तरी दगड निखळला का, ते बघत बसे.

तात्पर्य: सगळ्यांचं पाणी जो अडवतो, तो सगळ्यांच्या आधी स्वतःलाच कोंडून घेतो; घातलेली भिंत एका दिवसात पाडता येते, पण ती घातल्याची आठवण लवकर पुसली जात नाही.