आत्याची नदी, भाच्याची पाहणी

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा भाचा राहत होता. भोळा हे गावातल्या लोकांचं म्हणणं. घरातले काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. नाव मार्तंड, वय चाळीस. अंगात गुण एकच, पण तो जबर. सांगितलेलं ऐकायचा. अगदी जसंच्या तसं.

त्याची आत्या कमलिनीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून एकतीस वर्षं सांगत आल्या, "ही डॅन्यूब." एकदा एका पोरीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितली?" सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बघणार आहे. तिच्या पाण्यात हात घालून येणार आहे."

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि गुडघेही निवृत्त झाले. घरात वॉकर, घराबाहेर व्हीलचेअर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, जायचं तर याच वर्षी जा. पुढच्या वर्षी तुम्हाला विमानात इतका वेळ बसवणारसुद्धा नाही."

आत्याने मार्तंडला बोलावलं. दुसरं होतंच कोण?

"हे बघ," ती म्हणाली, "डॅन्यूबच्या काठचं एखादं शहर बघ. चारच दिवस जाऊ. पण चढ नको हं. सपाट शहर बघ."

मार्तंड भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. डोळे मिटून युरोपवरून हात फिरवला. दोनदा फिरवला.

"आत्या, बुडापेस्टला जाऊ. एकदम गुळगुळीत आहे."

"अरे गाढवा, अर्धं बुडापेस्ट डोंगरावर आहे! नकाशाला हात लावून चढ कळतो का? जो तिथे जाऊन आलाय अशा माणसाला विचार."

"बरं आत्या. आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं हो त्याने लक्षात. घोटाळा तोच तर होता. पालथ्या घड्यावरचं पाणी निदान वाहून तरी जातं.

गावात युरोपला जाऊन आलेला माणूस एकच, साखर कारखान्याचे संचालक आप्पासाहेब. उसाचा अभ्यास करायला गेले होते. तिकडे ऊस होत नाही हे तिथे गेल्यावर कळलं, पण अभ्यास पुरा करूनच आले.

"आप्पासाहेब, डॅन्यूबकाठच्या ब्रातिस्लाव्हात चालायला त्रास होतो का?"

"छे! काडीचा नाही. मी बसमधून उतरलोच नाही."

मार्तंड धावत घरी आला. "आत्या, ब्रातिस्लाव्हा ठरलं. काडीचा त्रास नाही."

"अरे, तिथल्या जुन्या गावात सगळे दगडी रस्ते! खुर्ची अशी खडखडेल की माझे दात हातात येतील. धडधाकट माणसाला काय विचारतोस? त्याला पायरी दिसते तरी का? ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचार."

"बरं आत्या. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसला. बाकावर चौदा माणसं कण्हत होती. त्याने एकेकाला विचारलं, "काका, युरोपात कुठे जावं?" "मावशी, युरोपात कुठे जावं?"

संध्याकाळी मार्तंड घरी आला. "आत्या, तेरा जण म्हणाले, घरी बस. एक म्हातारा म्हणाला, नदीच बघायची तर नरसोबाच्या वाडीला जा. तेरा विरुद्ध एक. तेव्हा घरच ठरलं."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. अपंग माणसाने घरी बसावं, हे तिला गावाने न मागता शंभरदा सांगून झालं होतं. आता भाचा मतं मोजून तेच सांगत होता.

"घरी बसायला मला तुझी गरज नाही," ती म्हणाली. "शहर मीच निवडते. व्हिएन्ना. मधलं शहर सपाट आहे, आणि नदीकाठीही खुर्ची जाईल अशी जागा आहे, मी माहिती काढलीय. तू फक्त हॉटेलला फोन कर. दाराशी पायरी आहे का, एवढं विचार."

त्याने फोन केला. पायरी नव्हती. खोली घेऊन टाकली.

"लिफ्ट आहे?"

"ते तू विचार म्हणाली नव्हतीस."

आत्याने स्वतः फोन लावला. लिफ्ट होती, पण एवढीशी, की माणूस आत गेला तर खुर्ची बाहेर. तिने दुसरं हॉटेल शोधलं आणि मार्तंडला चांगलं फैलावर घेतलं. "अरे, लिफ्ट असून भागतं का? दार किती रुंद, खुर्ची किती रुंद, माप घ्यायला नको? यापुढे माप घेतल्याशिवाय मला कुठल्या दारातून न्यायचं नाही!"

"बरं आत्या. आता लक्षात ठेवतो."

मग आला व्हिसा. पुण्याच्या कचेरीत सकाळी अकराची वेळ मिळाली होती. पावणेअकराला दोघं दारात हजर. दार चांगलं हत्ती जाईल एवढं. मार्तंडने खिशातून टेप काढली.

"आत्या, हलू नकोस. दार सहा फूट. खुर्ची सव्वादोन. थांब, खुर्ची परत मोजतो. आता तू हात बाहेर काढलास, परत मोजावं लागेल."

मागे रांग लागली. लोक ओरडले. शिपाई ओरडला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, आणि खिडकीतली बाई म्हणाली, "तुमची वेळ गेली. पुढच्या महिन्यात या."

आत्या खवळली. "चाळीस माणसांसमोर मला दारात अडकवून ठेवलंस! अरे, मला कशाला घेऊन मोजतोस? यापुढे कुठेही गेलो की मला एका जागी बसव. आधी तू एकटा आत जा, शेवटपर्यंत सगळं बघून ये. आणि मगच मला न्यायला ये. कळलं?"

"कळलं आत्या. आता लक्षात ठेवतो."

पुढच्या महिन्यात व्हिसा झाला. निघायचा दिवस उजाडला. आत्याने नवी नऊवार नेसली. एकतीस वर्षांची जुनी भूगोलाची वही पर्समध्ये टाकली. हणमंत गाडीवाल्याने दोघांना मुंबईच्या विमानतळावर सोडलं.

दारातून आत गेल्यावर मार्तंडने आत्याला खुर्चीतून उचलून एका बाकावर बसवलं.

"खुर्ची कुठे नेतोस?"

"मापाला लागेल. तू इथेच बस, मी सगळं बघून येतो."

"शहाणा झालास रे," आत्या म्हणाली. खरंच म्हणाली. तिला वाटलं, लिफ्ट बघायला चाललाय.

एक तास गेला. दोन गेले. चहा दोनदा झाला. विमान उडालं. आत्याला बाकावरून उठता येईना, आणि वॉकर गेला होता मार्तंडबरोबर सामानात. शेवटी हणमंतला फोन केला. तो पनवेलहून परत फिरला, आणि आत्याला उचलून गाडीत बसवून गावी घेऊन आला.

पाचव्या दिवशी मार्तंड घरी आला. चेहरा नुसता उजळला होता.

"आत्या, चल! शेवटपर्यंत सगळं बघून आलो. कुठे म्हणून अडत नाही. चारही दिवस तुझ्या खुर्चीतच बसून फिरलो, म्हटलं नुसतं बघून काय कळणार? लोक काय प्रेमळ आत्या! दार उघडून धरायचे."

त्याने फोटो दाखवला. मार्तंड खुर्चीत. खुर्ची नदीच्या काठाशी. मार्तंडचा हात पाण्यात.

आत्याने फोटो बराच वेळ बघितला.

"पाणी कसं होतं रे?"

"गार."

"आणि माझं तिकीट?"

"वाया नाही जाऊ दिलं आत्या! जाताना तुझ्या जागेवर बसलो, येताना माझ्या. तुझी जास्त बरी होती, खिडकीची."

आत्याने फोटो परत दिला. मग म्हणाली, "मार्तंडा, ती कोपऱ्यातली नकाशाची छडी जरा आणून दे."

त्याने आणून दिली.

"आता जवळ ये. आणखी जवळ. मला उठता येत नाही ना."

मार्तंड जवळ गेला. सांगितलेलं मोडायची त्याला सवयच नव्हती.